गार इंजिन

बाबा : ...अगं, ही लाल गाडी चालते, मान्य. पण तुझी सगळी शिल्लक हिच्यातच जाणार. उद्या क्लच गेला की काय करशील? ढकलत नेशील ऑफिसला?

मुलगी : आणि ती पलीकडची? तिचं इंजिन जागेवर नाही, चाकं नाहीत. अर्धी गाडी खोक्यांत भरलीय, बाबा!

बाबा : म्हणून तर स्वस्त आहे. पत्रा बघ, गंजाचा ठिपका नाही. खोक्यांतलं मी जोडतो. मजुरी कोण मागतंय तुझ्याकडे?

मालक : दोन्ही माझ्याच आहेत ताई, कुठलीही न्या. हिच्यात बसा आणि निघा, तिच्यात घाम गाळा. माझं काही म्हणणं नाही.

मुलगी : बाबा, किती दिवस लागतील तिला?

बाबा : वर्ष धर. दीड धर फार तर. तू सुट्टीच्या दिवशी यायचं, मी रोज आहेच. नाहीतरी गॅरेज विकल्यापासून मी करतो काय घरात? तुझी आई मला भाजी निवडायला बसवते. त्यातही चुका काढते.

मुलगी : विकायला कोणी सांगितलं होतं? चांगलं चाललं होतं की. विचारलं तर म्हणे, कंटाळा आला.

बाबा : आला कंटाळा. माणसाला येऊ नये का?

मुलगी : तुम्हाला? तापातसुद्धा गाडीखाली शिरणारे तुम्ही!

बाबा : जाऊ दे ना आता ते. गाडीचं बोल.

मुलगी : बोलते. खरं सांगू? अशी दोन दारांची गाडी तुमच्या गॅरेजात आली होती, आठवतं? मला मांडीवर घेऊन तुम्ही स्टिअरिंग धरू दिलं होतंत. तेव्हापासून डोक्यात आहे माझ्या. पण तुमच्याबरोबर ती पलीकडची जोडायला मिळणार असेल तर दीड वर्ष थांबेन मी. दोन वर्षं थांबेन.

बाबा : बघ हं. मागाहून कुरकुर नको.

मुलगी : नाही करणार.

बाबा : वा! मग ठरलं. तरी या लालीला एकदा तपासून घेऊ, मनात रुखरुख नको. उघडा हो बॉनेट. हे शिकून ठेव तू. जुनी गाडी बघायला गेलं की सगळ्यात आधी इंजिनाला हात लावायचा. विकणारे लबाड, आपण यायच्या आत तापवून ठेवतात. तापलेलं इंजिन काय, कुणाचंही सुरू होतं. खरं दुखणं कळतं ते गार असताना.

मालक : थांबा काका, आधी काठी लावू द्या बॉनेटला.

बाबा : हे बघ, गार आहे. सकाळपासून किल्ली फिरवलेली नाही. माणूस सरळ आहात हो तुम्ही.

मालक : अहो काका, हात! पेट्रोल भरून आत्ता आलोय मी!

मुलगी : बाबा, हात काढा! काढा आधी!

(मालक पाणी आणायला आत धावतो. बापलेक दोघंच उरतात.)

मुलगी : कातडी सोललीय, बाबा. दुखत नाही?

बाबा : नाही.

मुलगी : जरासुद्धा?

बाबा : नाही म्हटलं ना!

मुलगी : कधीपासून हे?

बाबा : शुगरचं आहे. आधी पाय बधिर झाले, मग बोटं. एकदा गिऱ्हाइकाच्या चाकाचे नट आवळत होतो. किती आवळलेत ते हाताला समजेना. तीन वेळा केलं, तरी समजेना. म्हटलं, बस. एखाद्याचा जीव जायचा.

मुलगी : म्हणून घरात बटणांचे शर्ट घालायचे सोडलेत तुम्ही. आईला माहीत आहे?

बाबा : तीच लावते ना, बाहेर जायचं असलं की.

मुलगी : म्हणजे मीच तेवढी परकी. आणि या अवस्थेत ती सुटी गाडी कशी जोडणार होतात?

बाबा : तू बाजूला असशील असं वाटलं. तुला सांगत सांगत करू. काम करता करता तुझ्या लक्षात आलंच असतं कधीतरी. मग तोंडाने सांगायला नको.

मुलगी : राग आलाय मला तुमचा. खूप आलाय.

बाबा : येऊ दे.

मुलगी : तरी आपण तीच घ्यायची. हात माझे. तुम्ही फक्त सांगा.

बाबा : नको गं. तुला माहीत नव्हतं, तोवर ठीक होतं. आता तू गाडीकडे कुठली बघतेस? माझ्या हातांकडेच बघत बसशील.

मुलगी : नाही बघणार.

बाबा : आत्ताही तेच बघतेयस.

मालक : हे घ्या पाणी. बोटं बुडवून ठेवा काका. चुकलंच माझं, मी आधी बोलायला हवं होतं.

बाबा : तुमचं काही चुकलं नाही. लाल गाडी नेतो आम्ही. पोरीला हौस आहे.

मुलगी : बाबा...

बाबा : चालू गाडी बरी. आजच घेऊन जाऊ.

मालक : ठीक आहे. मग ही किल्ली घ्या, काका.

बाबा : तिच्याकडे द्या. माझ्या हातून पडली तर मला कळायचं नाही.