धनश्रीचं जुनं पान

वैशाली : म्हणून तर सांगते काकू, गुगलची काही चूक नाही. तुमच्या वेबसाइटवर एकाच कामाला दोन प्लगइन बसवलेत. एक म्हणतं हे पान गुगलला दाखव, दुसरं म्हणतं दाखवू नको. गुगल बिचारं काय करणार?

सरलाबाई : वं माय! घरात दोन कारभारी झाल्यावर हेच होणार. दुसरं कोणी बसवलं म्हणे?

वैशाली : ते तुम्ही सांगा. तारीख दिवाळीच्या आठवड्यातली आहे.

सरलाबाई : मग कुंदननं. ह्यांचा भाचा. आता वापीला नोकरी लागली त्याला. 'मामी, हे नवीन आलंय, गुगलवर पापड शोधले की आपले ज्वारीचे बिबडे एक नंबरला येतील' म्हणे. आले एक नंबरला! चार महिने झाले, चिटपाखरू फिरकत नाही साइटवर. तू चहा घे बाई आधी. भेस्तानहून एवढ्या उन्हाची आलीस.

वैशाली : घेते, घेते. हे बघा, नवीनवालं बंद केलं. जुनंच ठेवू, ते सीधं आहे. आता बघू सुधारलं का... नाही ना. अजून अडकलंय. काका कुठंयत? फोन त्यांनीच केला होता. दोनदा केला. 'आजच ये, आजच ये.'

सरलाबाई : वर धाब्यावर, गच्चीत. बिबडे सुकायला घातलेत ना, कावळे हाकलत बसलेत. मिलमधून रिटायर झाल्यापासून तेच काम. मलाही नवल वाटलं, त्यांना कशाला एवढी घाई? ऑर्डरचं सगळं मी बघते. त्यांना साइट उघडता तरी येते का, देव जाणे.

वैशाली : एक मिनिट हं. अरे बापरे. काकू, ही खूण कोणी केली?

सरलाबाई : कोणती?

वैशाली : ही. 'गुगलसारख्यांनी ह्या साइटकडे बघू नये.' ही खूण केली की प्लगइन दोन काय, दहा बसवले तरी उपयोग नाही. सगळी साइटच गायब. ही काही आपोआप होत नाही, कोणीतरी हातानं केलीय. कुंदननं?

सरलाबाई : असंल कोणीतरी. काढून टाक.

वैशाली : संक्रांतीनंतरची आहे. तेव्हा तो वापीला होता ना?

सरलाबाई : तू दुरुस्त करायला आलीस का पोलिसात आहेस?

वैशाली : काकू, रागावू नका. परत झाली तर परत बंद पडेल, म्हणून विचारते.

सरलाबाई : मीच केली. बस? पण हळू बोल, वर आवाज जातो.

वैशाली : तुम्ही? स्वतःच्या धंद्यावर?

सरलाबाई : मला काय माहीत सगळीच गायब होईल! मला एकच पान लपवायचं होतं. कुंदनला फोन केला. तो गाडीत होता, गडबडीत म्हणाला, 'सेटिंगमध्ये जा मामी, गुगलला बघू देऊ नका अशी एक खूण आहे, ती करा.' केली.

वैशाली : अहो, एक डबा लपवायला दुकानाचं शटर ओढलंत तुम्ही! मी भेस्तानला जाऊन सगळ्यांना सांगणार हे.

सरलाबाई : हास, हास. तुझं काय जातंय हसायला.

वैशाली : बरं, नाही हसत. पान कोणतं?

सरलाबाई : राहू दे ना.

वैशाली : काकू, शटर उघडलं की तेही उघडं पडेल. कोणतं ते कळलं तर त्याचं काहीतरी करता येईल.

सरलाबाई : 'मूळ' नावाचं आहे बघ, शेवटी. माझ्या पोरीसाठी लिहिते मी त्यात. धनश्री. एकुलती एक. ही साइट तिनंच बनवली, कॉलेजात असताना. नाव तिनंच ठेवलं, फोटो तिनंच काढले. चार वर्षं झाली तिला जाऊन.

वैशाली : जाऊन म्हणजे...

सरलाबाई : शुभ बोल बाई! लग्न करून गेली. मुलगा ओडिशाचा. इथंच कापडाच्या लूमवर होता, चांगला होता, निर्व्यसनी. पण ह्यांना न विचारता केलं. मग दोघं त्याच्या गावाकडे निघून गेली, बरमपूरजवळच्या एका खेड्यात. ह्यांनी त्या दिवशी मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. तिला फोन करायचा नाही, चिठ्ठी लिहायची नाही, तिच्याकडे माणूस पाठवायचा नाही. केलं तर माझं मेलेलं तोंड बघशील.

वैशाली : आणि तुम्ही पाळली?

सरलाबाई : अक्षर न् अक्षर पाळली. फोन केला नाही, चिठ्ठी लिहिली नाही, माणूस पाठवलं नाही. वेबसाइटचं नाव त्या शपथेत नव्हतं.

वैशाली : वा काकू! वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही.

सरलाबाई : मग काय करू? आई आहे ना मी. वाटलं, साइट तिचीच आहे, कधी सहज उघडेल, वाचेल. सणासुदीला चार ओळी लिहायच्या. आज काय केलं, कोणाचं लग्न झालं, तिच्या आबांचा, म्हणजे ह्यांचा, गुडघा कसा आहे. मग संक्रांतीला पलीकडच्या प्रमिलाबाईची सून म्हणाली, 'काकू, मी गुगलवर बिबडे शोधले तर तुमचं काहीतरी वेगळंच पान आलं.' ही आता प्रमिलाबाईला सांगणार, ती ह्यांना सांगणार. म्हणून लपवलं.

वैशाली : आणि नाव 'मूळ' का?

सरलाबाई : तुम्ही कुठले?

वैशाली : आम्ही परभणीकडचे. पण माझा जन्म इथलाच.

सरलाबाई : मग तुला आखाजी माहीत नसेल. अक्षय्य तृतीया गं. आम्हा खान्देशी लोकांची दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक अशी उठून येत नाही. बाप नाहीतर भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो, त्याला मूळ पाठवणं म्हणतात. मूळ आलं नाही तर ती बसते वाट बघत उंबऱ्यात. पाच दिवसांवर आली आखाजी. चार आखाज्या गेल्या अशाच. म्हटलं, माणूस नाही पाठवता येत, तर पान पाठवू.

वैशाली : काकू, ते एकच पान गुगलपासून लपवता येतं. त्याला वेगळी खूण असते, पानापुरती. दुकान दिसेल, ते नाही दिसणार. करू?

सरलाबाई : कर. आणि ती... तिला दिसेल ना पण?

वैशाली : साइटवर आली तर दिसेल.

सरलाबाई : येते का गं ती? तुमच्यात कळतं का असं, कोण आलं, कोण गेलं?

वैशाली : नाव नाही कळत. थांबा, न सापडलेल्या पानांची यादी तशीही बघायची आहे. कुंदनच्या प्लगइननं सगळ्या पानांचे पत्ते बदलले, आणि जुन्यावरून नव्यावर पाठवायचं काम दोन्ही प्लगइननी एकमेकांवर ढकललं. म्हणजे जुन्या पत्त्यावर कोणी आलं की 'पान सापडत नाही' एवढंच दिसतं. ही बघा यादी. अय्यो. काकू!

सरलाबाई : काय झालं?

वैशाली : एकच पत्ता आहे, 'आईचे बिबडे'. दिवाळीपासून दोनशे बेचाळीस वेळा उघडायचा प्रयत्न झालाय. रोज. कधी दिवसातून दोनदा.

सरलाबाई : 'आईचे बिबडे'? ते तर तिचं पान! तिनं स्वतःच्या आवाजात सांगितलंय त्यात, बिबडे कसे करायचे ते. ते मेनूत नव्हतंसुद्धा. तिच्या न् माझ्याशिवाय कोणाला माहीत ते? वैशाली, तीच गं ती! माझी पोर रोज येते! आणि मी काय केलं, दार लावून बसले! दिवाळीपासून ती येते आणि परत जाते. तिला वाटलं असेल आईनं पुसून टाकलं...

वैशाली : काकू, रडू नका. पत्ता आत्ता जोडते, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त...

सरलाबाई : फक्त काय?

वैशाली : कसं सांगू. यादीत फोनचा इंटरनेटचा आकडाही येतो. आज सकाळी सहा वाजता कोणीतरी ते पान उघडायला गेलंय. तो आकडा आणि माझा लॅपटॉप आत्ता ज्यावर चालतोय तो आकडा, दोन्ही एकच आहेत.

सरलाबाई : म्हणजे?

वैशाली : म्हणजे तुमच्याच घरातलं वायफाय. जुना फोन आहे कोणाचा तरी. ती नाही काकू. सॉरी.

सरलाबाई : ती नाही.

वैशाली : घरात अजून कोण असतं?

सरलाबाई : कोण असणार? मी, आणि...

सुकलाल : झालं का दुरुस्त? धाब्यावरचे निम्मे बिबडे पलटवून आलो. काय झालं, अशा काय बघता दोघी?

सरलाबाई : सकाळी सहा वाजता फोन घेऊन तुम्ही काय बघता हो?

सुकलाल : भजन ऐकतो.

सरलाबाई : माझ्या डोळ्यात बघून सांगा.

सुकलाल : ए पोरी, तुला साइट दुरुस्त करायला बोलावलं का घर फोडायला?

वैशाली : काका, मी काहीच बोलले नाही. यादी बोलली. पान जोडलंय, उघडू का?

सुकलाल : सापडलं? आहे ते?

वैशाली : होतंच. पत्ता बदलला होता फक्त.

(लॅपटॉपमधून पंख्याची घरघर, मग एका मुलीचा आवाज : 'ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं... आबा, पंखा! पंखा बंद करा ना, रेकॉर्डिंग चालू शे!' लांबून पुरुषाचा आवाज : 'करस ना माय, करस.' घरघर थांबते. 'हां. तर चौथ्या दिवशी...')

सरलाबाई : चार वर्षांनी ऐकला मी तिचा आवाज, हे पान उघडायची हिंमतच होत नव्हती माझी. आणि तुम्ही रोज ऐकत होता. एकटे.

सुकलाल : दिवाळीपर्यंत ऐकला. मग एक दिवस सापडेना. माले वाटनं, तिनीच काढी टाकं. आबाचा आवाज आहे त्यात, म्हणून काढून टाकलं असेल.

सरलाबाई : मग मला विचारायचं ना!

सुकलाल : कोणत्या तोंडानं विचारू? तिचं नाव घ्यायचं नाही म्हणून मीच सांगितलेलं.

सरलाबाई : आणि म्हणून हिला फोन. 'गुगलवर बिबडे दिसत नाहीत, धंदा बसला.' मला वाटलं धंद्याची काळजी लागली माणसाला.

सुकलाल : वाटलं, बाहेरच्याला विचारलं तर बरं. पोरी, अजून एक पान शे ना? शेवटचं. 'मूळ' नावाचं.

सरलाबाई : तुम्हाला माहीत आहे?

सुकलाल : तिचं पान शोधता शोधता सापडलं. दिवाळीतच. तू बिबड्यांच्या काठीबद्दल लिहिलंस, ते खोटं शे.

सरलाबाई : काय खोटं? कावळे हाकलायला तिची लाल ओढणी काठीला बांधलीत की नाही?

सुकलाल : हाताला आली ती बांधली.

सरलाबाई : ट्रंकेच्या तळाशी होती ती! वरून चार साड्या काढल्याशिवाय हाताला येत नाही.

वैशाली : काका, काकू, मी जरा बाहेर थांबू का?

सुकलाल : नाही, बस. तुझं काम राहिलंय. दुकान दिसतंय ना आता?

वैशाली : मोठी खूण काढली की दिसेल. 'मूळ' पान तेवढं वेगळं लपवते, काकूंनी सांगितलं तसं. म्हणजे कोणी बिबडे शोधले तरी ते येणार नाही.

सुकलाल : कोणी म्हणजे?

सरलाबाई : समाज हो. प्रमिलाबाई, तिची सून, तुमचे मिलमधले लोक. आपल्या ह्या पांडेसऱ्यात अर्धा खान्देश राहतो. उद्या चार जण विचारतील तुम्हाला. मी शपथ मोडली नाही, बरं का. पण लोक वाचतील.

सुकलाल : चार वर्षं लोकांना मी सांगितलं, पोर बाहेरगावी नोकरीला आहे. सगळ्यांना माहीत होतं, सगळे हो म्हणत होते. नको लपवू पोरी. दिसू दे ते पान.

वैशाली : नक्की? धनश्रीचं नाव आहे त्यात, तुमचं आहे. तिच्या सासरच्या गावाचंही.

सुकलाल : नाव असणारच. माझी लेक आहे.

सरलाबाई : अहो...

सुकलाल : तू डोळे पूस आधी. पोरी, काढ ती खूण.

वैशाली : काढली. हे बघा, गेली. आता गुगलला कळवते, नवीन यादी घ्या म्हणून. झालं.

सुकलाल : मग आता तिनं तिकडं, बरमपूरला, फोनवर शोधलं तर दिसेल?

वैशाली : लगेच नाही काका. ते आपल्या हातात नसतं. गुगल त्याच्या सवडीनं येतं, बघतं, मग दाखवतं. कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे.

सरलाबाई : दोन आठवडे! आखाजी निघून जाईल.

सुकलाल : उधन्याच्या स्टेशनावरून गाडी असते ना तिकडची?

वैशाली : असते. पण दीड-दोन दिवस लागतात काका. आणि ह्या दिवसांत रिझर्वेशन मिळणं...

सुकलाल : मिळो न मिळो. गुगलला येऊ दे त्याच्या सवडीनं. तोवर मीच जाऊन येतो.