बंद लेथ आणि फोडलेली काच

जबाब देणार: नोबुए हिदाका, वय ६१ वर्षे, धंदा तोफू करून विकणे, राहणार बंदरामागील गल्ली, निचिनान.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. भिंतीला भिंत लागून कुरोगी गुरुजी, वय ७८, निवृत्त शिक्षक, राहतात. तेही एकटेच.

ऊन चांगले असले की आमच्याकडे सौर वीज उरते. ती वाया जाऊ नये म्हणून कंपनी सकाळी फोनवर कळवते आणि अकरा ते दोन अर्ध्या दराने वीज देते. म्हणून सोयाबीन उकळण्याचे काम मी पहाटेऐवजी अकराला करते. गुरुजी त्याच वेळी लाकडी वाडगे कातायचे लेथ लावतात. त्याने माझ्या बशा थरथरतात. त्यावरून भांडण होऊन वर्षभर आमचे बोलणे बंद होते.

आज दि. २१ एप्रिल रोजी संदेश आला. अकराला मी पातेले चढवले. लेथ लागले नाही. साडेअकराला पण नाही. हा माणूस अंगात ताप असतानाही स्वस्त वीज सोडत नाही. मी हातातल्या डावाने भिंत बडवली आणि ओरडले, "अहो गुरुजी, आज तुमच्याकडे ऊन पडलं नाही का?" उत्तर आले नाही.

दार आतून बंद होते. मी तोफूवर ठेवायच्या दगडाने मागच्या खिडकीची काच फोडली. आत चढताना पोस्टमनने पाहिले व आपणास कळवले. त्याचे काही चुकले नाही.

गुरुजी पोटमाळ्याच्या शिडीखाली पडलेले होते. सकाळी आठला लाकूड काढताना घसरले. पाय मोडला होता.

"खिडकीतून येतात का गं कोणाकडे?" ते म्हणाले.

"हाक मारली होती. भिंत बडवून!"

"ऐकली. माझाच आवाज फुटत नव्हता."

रुग्णवाहिका यायला बारा मिनिटे लागली. तेवढा वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला. इकडे सोयाबीन करपले. आज गल्लीत तोफू नाही.

दवाखान्यातील कागदावर 'तातडीने कोणास कळवावे' या रकान्यात गुरुजींनी माझे नाव लिहिले. मला विचारले नव्हते. मी खोडले नाही.

हवालदारांनी हे सर्व मोठ्याने वाचले. एका जागी 'घाबरून' असे लिहिले होते, ते मी काढायला लावले. बाकी सांगितल्याबरहुकूम आहे, म्हणून सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का उमटवला.