तेजूची विहीर

योगिनी : वहिनी, तुम्ही नुसतं हो म्हणा, मी निघते. ही विहीर तुमच्याच घरची ना?

साक्षी : आमचीच. पण मॅडम, विहिरीला नाव काय विचारता? विहीर ती विहीर.

योगिनी : इंग्रजांच्या वेळच्या नकाशात हिला 'बोरीची विहीर' म्हटलंय. आम्ही कॉलेजकडून शिवारातली नावं गोळा करतोय, जुनी आणि आत्ताची. ज्यांची जमीन, त्यांच्या घरातून कुणीतरी होकार द्यावा लागतो.

साक्षी : मग बोरीचीच लिहा. मी चैत्रात लग्न होऊन आले, मला काय ठाऊक?

योगिनी : पण आता तसं कुणीच म्हणत नाही. वरच्या मळ्यातल्या कुसाबाई, मेंढरं चारणारे पुंजाबाबा, सगळे म्हणतात, तेजूची विहीर.

साक्षी : कोणाची?

योगिनी : तेजूची. तेजस्विनी म्हणून कुणी... वहिनी, काय झालं? कठड्यावर नको, इकडे बसा.

साक्षी : ती आमच्या यांची पहिली बायको.

योगिनी : अरे देवा.

साक्षी : काविळीनं गेली ती, नाशिकच्या दवाखान्यात. नामपूरला आमच्या घरी बसून यांनी हेच सांगितलं माझ्या वडिलांना. मग विहिरीला तिचं नाव कशाला? काय म्हणाल्या कुसाबाई? तुम्हाला शपथ आहे.

योगिनी : म्हणाल्या, पोर इथंच सापडली. घरचे म्हणतात पाय घसरला.

साक्षी : परवा भाजी खारट झाली, तर यांनी मला हात धरून इथं आणलं. म्हणाले, वाक, बघ किती खोल आहे. आणि हसले. मी पण हसले हो! माले भ्याव लागी ऱ्हायनं, ताई, खूप भीती वाटते.

योगिनी : आत्ता कुठे आहेत ते?

साक्षी : नाशिकला, अंबडच्या कंपनीत. येतीलच आता. हळू बोला, सासूबाई आल्या.

(लंकाबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून येते.)

लंकाबाई : कोण गं तू? काय लिवते?

योगिनी : आजी, विहिरीचं नाव...

लंकाबाई : बोरीची. लिव्ह आन् जाय. लोकं काय बी बोलत्यात.

साक्षी : आई, तेजूताईला कावीळच झाली होती ना?

लंकाबाई : भारा उतरव आधी.

साक्षी : नाही. माझ्याकडे बघून सांगा.

लंकाबाई : काय सांगू? पोटचा हाय माझा महेश. पन मला बी भ्या वाटतं त्याचं.

साक्षी : म्हणजे खरंय.

लंकाबाई : ए पोरी, तुझी गाडी हाय का?

योगिनी : जीप आहे रस्त्यावर. मी यांना सिन्नरला सोडते, तिथून नामपूरला...

लंकाबाई : सिन्नरच्या रस्त्यानं नको, तो तिकडूनच येतो. खालच्या वाटेनं ने. थेट हिच्या बापाच्या दारात सोड.

साक्षी : माझे कपडे तरी घेते.

लंकाबाई : कपडे मिळत्यात गं. ऊठ.

योगिनी : आजी, मग इथं काय लिहू?

लंकाबाई : तेजूचीच लिव्ह. लपवून लपवून लय दमले मी.

साक्षी : आई, तुम्हीपण चला. एकट्या नका राहू त्यांच्याजवळ.

लंकाबाई : घराला कुलूप दिसलं तर तो लगेच मागं निघंल. मी ऱ्हाते. चहा टाकते त्याला.