चटईचा दोष

(गच्ची, सकाळची वेळ. नळाखाली बादली, जमिनीवर योगा मॅट पसरलेली. सून ती पुसायला बसली आहे. नणंद नुकतीच जिना चढून आली आहे.)

नणंद : ते सगळं राहू दे. मी एवढंच विचारतेय, साबण लावला होतास की नाही?

सून : लावला होता, ताई. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. मऊ फडक्यानं पुसली, मग साध्या पाण्यानं धुतली, परत एकदा धुतली.

नणंद : म्हणजे लावला होतास.

सून : त्याशिवाय घामाचा वास जात नाही. बाबाच म्हणाले होते, चटई आंबल्यासारखी झालीय, जरा बघ.

नणंद : बघ म्हणाले. निसरडी कर नव्हते म्हणाले. अगं, कपाळाला टाके पडलेत त्यांच्या. जरा खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता. डॉक्टर विचारत होते, पडण्याआधी चक्कर वगैरे आली होती का. बाबा म्हणाले, छे हो, सुनेनं मॅट धुतली, साबण राहिला असणार, पाय सटकला. डॉक्टर हसले. मला नाही हसू आलं.

सून : मी तिथंच दाराशी उभी होते. ऐकलं मी.

नणंद : मग तेव्हा तोंडात मिठाची गुळणी का धरलीस? चुकलं, एवढं तरी म्हणायचं. आता काय धुतेयस परत?

सून : बाबांनीच सांगितलं. म्हणाले, साध्या पाण्यानं काढ एकदा, म्हणजे ताईचं समाधान होईल.

नणंद : माझं समाधान ती कचऱ्यात गेल्यावर होईल. आण इकडे. जाता जाता टाकते. त्यांना नवी मी घेऊन देईन, आणि तिला तू हात लावायचा नाहीस.

सून : टाका. पण त्याआधी एक करा. मी अजून पाणी घातलेलं नाही. त्या दिवशी धुऊन वाळवली तशीच आहे ही. तांब्याभर पाणी ओता आणि तळहातानं चोळा. फेस आला तर मी स्वतः खाली जाऊन टाकून येते.

नणंद : मी काय तुझी परीक्षा घ्यायला आलेय?

सून : निकाल तर लावूनच आलात.

नणंद : … दे तो तांब्या.

सून : मधोमध ओता. तिथं जास्त मुरतं. चोळा. अजून जोरात.

नणंद : चोळतेच आहे. हे बघ, बुडबुडे.

सून : ते पाण्याचे. थांबा, विरले बघा. साबणाचे बसून राहतात, आणि हात बुळबुळीत लागतो. लागतोय?

नणंद : नाही.

सून : आता चपला काढून उभ्या राहा तिच्यावर. कठडा धरा हवं तर.

नणंद : ओल्यावर?

सून : ओल्यावरच. कोरडी असली की याहून घट्ट धरते.

नणंद : … पाय काही सरकत नाहीये. मग खालून सरकली असेल. फरशीवर धूळ असली की अख्खी मॅट जाते.

सून : उलटून बघा.

नणंद : बघितलं. स्वच्छ आहे. रक्तही छान काढलंस. डागसुद्धा नाही ठेवलास.

सून : मॅटवर रक्त नव्हतं.

नणंद : नव्हतं म्हणजे? रिक्षात माझी ओढणी भिजून चिंब झाली होती.

सून : फरशीवर होतं. खोलीच्या दाराशी. तेवढं मी पुसलं.

नणंद : आणि मॅट कुठं होती?

सून : कोपऱ्यात.

नणंद : कोपऱ्यात कशी?

सून : गुंडाळून उभी केलेली. पट्टा लावून.

नणंद : तू केलीस, नंतर.

सून : मी धावत आले तेव्हाच तशी होती, ताई. व्यायाम उरकून, चटई पुसून, जागेवर ठेवून ते बाहेर यायला निघाले होते. मी ओट्याशी होते. धप्प आवाज झाला. आले तर आडवे पडलेले, डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. मी हाका मारतेय, मारतेय. मग एकदम म्हणाले, चहा झाला का. आणि रक्त भुवईवरून खाली उतरत होतं, त्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

नणंद : हे तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस.

सून : ते सांगत होते ना, माझ्यासमोर, माझं नाव घेऊन. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू? तुमचा भाऊ असता तर त्याच्या कानावर घातलं असतं. तो जहाजावर, फोन लागेल तेव्हा खरा.

नणंद : मी तुला फोनवर काय काय बोलले. तुझ्या आईलाही बोलले.

सून : माहीत आहे. तिचा फोन आला होता. रडत होती.

नणंद : तरी गप्प बसलीस. मग आज का सांगतेयस?

सून : कारण उद्या शाळा उघडतेय. त्यांनी खाकी शर्ट इस्त्री करून ठेवलाय. उद्या सकाळी ते व्हॅन घेऊन निघणार, मागं शाळेची एवढी पोरं. आणि तुमची छकुली पुढच्या सीटवर.

बाबा : पुढच्या नाही. पुढं मी कुणालाच बसवत नाही.

नणंद : बाबा. जिना चढून आलात?

बाबा : कठडा धरून आलो. ओरडू नकोस, शेजारी कपडे वाळत घालतायत.

नणंद : कधीपासून उभे आहात?

बाबा : फेस निघाला नाही तेव्हापासून. सरक जरा, बसू दे. ही चटई उन्हात नका वाळवू, तडकते. सावलीला घाला. आणि ओली असताना गुंडाळू नका.

सून : मी सावलीलाच घालते, बाबा. नेहमीच घालते.

बाबा : हो. तूच घालतेस.

नणंद : चटईचं पुढं बघू. ही म्हणते ते खरं का?

बाबा : खरं आहे. अंधारी आली. क्षणभर. उठताना येते एखाद्याला, त्यात काय.

नणंद : पहिल्यांदाच आली?

बाबा : ती बादली बाजूला घ्या आधी, पाय लागेल कुणाचा.

नणंद : बाबा, माझी पोर बसते त्या गाडीत.

बाबा : माझी नात बसते. मला शिकवू नकोस. तीस वर्षं बस चालवली, निवृत्त झाल्यावर ही व्हॅन. गाडीला ओरखडा नाही कधी.

सून : बाबा, पहिल्यांदाच आली का?

बाबा : सुट्टी लागायच्या आधी एकदा. सिग्नलला उभा होतो. आत्ताच लाल झाला होता, असं मला वाटत होतं. मागून एक पोरगं म्हणालं, काका, हिरवा लागलाय. मी म्हटलं, गप रे, आत्ता तर लाल झाला. तर म्हणतं, नाही काका, हिरवा होऊन परत लाल झाला, आणि आता परत हिरवा झालाय. मागं सगळे हॉर्न वाजवत होते म्हणे. मला एकही ऐकू आला नाही.

नणंद : देवा.

बाबा : गाडी उभी होती गं. माझा पाय ब्रेकवरच होता.

सून : उभी होती म्हणून.

बाबा : हं.

नणंद : आणि तरी तुम्ही उद्या जाणार होतात?

बाबा : सुट्टीत विश्रांती झाली की जाईल असं वाटलं. म्हणून तर आसनं वाढवली. मनाशी म्हटलं, रक्त डोक्याकडे जाऊ दे. मग पडलो. डॉक्टरांनी चक्कर म्हटल्याबरोबर मला दिसलं ना पुढचं सगळं. तपासण्या, परवाना, मालक म्हणणार काका आता आराम करा. तुझी आई गेल्यापासून सकाळी मला हाक मारणारी ती पोरंच आहेत. तोंडातून निघून गेलं, मॅट सटकली. नाचता येईना, अंगण वाकडं.

सून : अंगण नाही, बाबा. माझं नाव घेतलंत.

बाबा : घेतलं.

सून : मॅट सटकली म्हणाला असतात, तर मी काही मनाला लावून घेतलं नसतं. सुनेनं धुतली म्हणालात. हसत म्हणालात.

बाबा : मला वाटलं, तू चालवून घेशील.

सून : तेच लागलं मला.

नणंद : … अगं, मीही तुला काय काय…

सून : तुमचं नंतर, ताई. तुम्ही आधी माझ्या आईला फोन करा.

नणंद : करते. आज करते. आता आधी डॉक्टरांकडे जाऊ. चला बाबा, मी रजा टाकते.

बाबा : आधी मालकाला कळवू दे. मीच बोलतो त्याच्याशी. उद्यासाठी दुसरा ड्रायव्हर बघायला वेळ मिळाला पाहिजे त्याला. आणि त्या ड्रायव्हरला सांगायला हवं, शेवटच्या थांब्यावरचा मुलगा उलटी करतो, त्याला खिडकी द्यायची.

नणंद : सांगा. काय सांगणार मालकाला? पाय सटकला?

बाबा : नाही. अंधारी येते, असं सांगेन. दोनदा आली.

नणंद : दोनदाच?

बाबा : दोनदा माहीत आहेत मला. बाकीच्या कशा कळणार?

सून : बाबा, पाणी आणू?

बाबा : नको. खाली जाऊनच पिऊ. हात दे जरा.

नणंद : मी देते. माझा धरा. डॉक्टरांना फोन लावून ठेवते, दुपारची वेळ मिळते का बघते. मी येते तुमच्याबरोबर, सगळं नीट सांगू.

बाबा : तू घरी थांब. छकुली शाळेत कशी जायची उद्या, ते बघ. डॉक्टरांकडे ही येईल.

नणंद : का? मी तुमची मुलगी आहे, बाबा.

बाबा : म्हणूनच. लेकीसमोर मला आजारी होता येत नाही गं.