चौदाची पन्नास झाली तेव्हा

आणि वर मलाच बजावतात! "बाबा, तिथे तोंड उघडायचं नाही." कोण बजावतंय? माझी पोरगी, शेली. कुणाला? मला! तुम्हाला सांगतो, बेडफर्डच्या दगडखाणीत अडतीस वर्षं काढली मी, आठवीनंतर शाळेची पायरी चढलो नाही, आणि त्या अडतीस वर्षांत बोललो किती? 'हो', 'नाही' आणि 'बाजूला व्हा'. ते तिसरं फक्त दगड सुटला तर. बायको गेली तेव्हा पाद्रीबुवा म्हणाले, "वर्जिल, चार शब्द बोला." मी म्हटलं, "चांगली होती." दोनातच आटोपलं. असा माणूस मी. आणि मला सांगतायत गप्प बसा!

तर मार्नी. माझी नात. सतरा वर्षांची, सहा फुटाला बोटभर कमी. हिवाळ्यात गावच्या शाळेकडून बास्केटबॉल खेळते, ते ठीक आहे, गाव टाळ्या वाजवतं, पेपरात फोटो येतो. पण टाळ्यांवर कुणाचं कॉलेज होत नाही हो! कॉलेजवाल्यांना पोरगी दिसते ती जुलैत. मोठ्या शहरात एक हॉल घेतात, विमान ठेवता येईल एवढा, त्यात चाळीस मैदानं, चाळीस शिट्ट्या एकदम, आणि सगळीकडून आणलेल्या पोरी. बाजूला कॉलेजचे प्रशिक्षक, कॉलेजच्या रंगाचा शर्ट घालून, मांडीवर पुस्तिका. पुस्तिकेत प्रत्येक पोरीचं नाव, उंची आणि शर्टाचा नंबर. नंबर बघायचा, नाव शोधायचं, खूण करायची. झालं.

आणि नियम काय? त्या दिवसांत प्रशिक्षकांनी फक्त बघायचं. पोरीशी बोलायचं नाही, पोरीच्या आईशी नाही, आजोबाशी नाही. "बाबा," शेली गाडीत म्हणाली, आणि हे तिनं सात वेळा म्हटलं, मी मोजलं, "तुम्ही त्या कॉलेजच्या प्रशिक्षक हॉलिसबाईंना नुसता नमस्कार केलात तरी कुणीतरी तक्रार करेल आणि त्या मार्नीचं नाव खोडून मोकळ्या होतील. बाकी सगळ्यांनी नाही म्हटलंय. एकच कॉलेज उरलंय. कळतंय का तुम्हाला?"

मला कळत होतं. नवऱ्यामागे एकटीनं, दवाखान्यात दोन-दोन पाळ्या करून पोर वाढवली तिनं. खेळावर फुकट जागा मिळाली तर मार्नीचं शिक्षण होणार, नाहीतर सप्टेंबरनंतर ती आईच्याच दवाखान्यात चादरी बदलणार. कळत होतं मला. पण मी बोललो का? नाही बोललो. मान हलवली.

हॉलमध्ये शिरलो. चार डॉलरला पाणी! पाणी हो! मी बोललो का? नाही बोललो. शेली मैदानापलीकडे संघाच्या डबेवाटपात अडकली, आणि मी आपला रिकामी खुर्ची बघून टेकलो. टेकलो आणि बाजूला बघतो तर हिरवा शर्ट, आखूड केस, गळ्यात ओळखपत्र... हॉलिस! त्याच बाई! एक खुर्ची सोडून! आता काय करायचं? उठावं तर मुद्दाम उठल्यासारखं दिसणार, बसावं तर मुद्दाम बसल्यासारखं. पलीकडून शेली माझ्याकडे बघतेय, डोळे असे, खाणीत सुरुंग लावल्यावर बघतात तसे. मी समोर बघत राहिलो. शिंक आली, तीसुद्धा गिळली.

बाईंनी पुस्तिका उघडली. मी बघितलं नाही. दिसलं. चौदा नंबर, पिवळ्या पेननं गोल केलेला. मार्नी!

सामना सुरू. आणि आजूबाजूचे आई-बाप... काय सांगू! एक लाल टोपीवाला उभा राहून, "मॅडी, बॉल टाक! मॅडी, टाकू नकोस! मॅडी, अगं कुणाची मुलगी आहेस तू!" मॅडीनं टाकला. चुकला. "रेफरी, झोपलायस का!" आता मॅडीनं चुकवला त्यात रेफरीचं काय जातं? एक बाई तर प्रत्येक वेळी किंचाळायची, "फाउल! फाउल!" मी म्हटलं, म्हणजे मनात म्हटलं, हे लोक पोरींना खेळू देतील का? अकरा वर्षं मार्नीचे सामने बघतोय. एकदा ओरडलो नाही. अभिमान आहे मला त्याचा. चेंडू उसळला की आधी अंग घालून जागा धर, मग उडी मार. स्वतः टाकण्याआधी कोण मोकळं आहे ते बघ, हे सगळं घरच्या गॅरेजपुढे शिकवलं, तेही हातानं दाखवून. तोंड बंद.

आणि पोरगी खेळत होती! पण चौथ्याच मिनिटाला समोरच्या संघाची एक दांडगी पोर धावत आली, मार्नीच्या खांद्यावर नाक आपटलं, आणि भसाभसा रक्त. तिचं. पण सगळं मार्नीच्या शर्टावर. शिट्टी! रेफरीनं बोट दाखवलं: बाहेर. रक्ताचा शर्ट चालत नाही, नियम आहे. मार्नी गेली पडद्यामागे, आणि आमच्या संघाच्या त्या ब्रेंटनं, दिवसभर शिट्टी चघळतो आणि स्वतःला प्रशिक्षक म्हणवतो, पिशवीतून जादा शर्ट काढला. ढगळ, गुडघ्यापर्यंत. नंबर? पन्नास!

तुमच्या लक्षात येतंय का? चौदा नंबर मैदानावर नाही! पन्नास नंबर पुस्तिकेत नाही! आणि बाईंची त्या वेळी मान खाली, फोनमध्ये! त्यांनी वर बघितलं, मैदानाकडे बघितलं, पुस्तिकेकडे बघितलं, पुन्हा मैदानाकडे. चौदा कुठाय? मी सांगू शकतो, एक खुर्ची सोडून बसलोय, हात लांबवला तर पुस्तिकेला लागेल... आणि मी बोललो का? नाही बोललो!

तिकडे पन्नास नंबर काय खेळतेय! अंग घालून जागा धरतेय, चेंडू खाली येण्याआधी तिच्या हातात. मोकळ्या पोरीला पास. पुन्हा पास. बाईंनी पान उलटलं. पन्नास शोधतायत. नाही सापडत! पुन्हा पान उलटलं. मी खाकरलो. खाकरणं म्हणजे बोलणं नव्हे. पुन्हा खाकरलो. बाईंनी मला खोकल्याची गोळी दिली. नियमात गोळी चालते वाटतं! मी घेतली, आणि तुम्हाला सांगतो, तोंडात गोळी, कपाळाला घाम, पलीकडे शेली मानेनंच 'नाही, नाही' करतेय, फळ्यावर दोन मिनिटं उरलेली, आमचा संघ एक गुणानं पुढे...

आणि बाईंनी पुस्तिका मिटली. पिशवी उचलली. उठल्या.

अकरा वर्षं! अकरा वर्षांचं सगळं निघालं त्या हिरव्या शर्टाबरोबर दाराकडे! बाईंशी बोलायचं नाही, ठीक! पण नातीशी बोलायला कुणी बंदी केलीय? मी उभा राहिलो. खाणीत भोंगा बंद पडला की मला ओरडायला लावायचे, तो आवाज काढला. "मार्नी! मार्नी स्टकी! चौदा नंबरचा शर्ट रक्तानं भरला म्हणून पन्नास घातलास, तरी तू चौदाच आहेस गं! पुस्तिकेत चौदा! पान नऊ!"

चाळीस मैदानं थांबली हो. लाल टोपीवाला खाली बसला. मॅडीच्या हातातून चेंडू सुटला. रेफरीनं शिट्टी वाजवली आणि थेट माझ्याकडे बोट. "आजोबा, बाहेर! आणि संघाला दंड!" दंड म्हणजे समोरच्यांना दोन फुकट नेम. दोन्ही बसले. एका गुणानं पुढे होतो, एका गुणानं मागे. शेलीनं तोंड ओंजळीत लपवलं. गणवेशातल्या एका पोरीनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "चला आजोबा, हळूहळू, घाई नाही." वीस वर्षांची असेल. मला सांगतेय घाई नाही!

दाराच्या काचेतून उरलेलं बघितलं. हरलो. एका गुणानं. तो गुण कुणाचा? माझा.

परतीला सत्तर मैल. शेली रस्त्यावर डोळे रोवून गाडी चालवत होती. मार्नी मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आजोबा, पान अकरा होतं." बस, एवढंच.

ऑगस्टचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. फोन नाही. शेली दवाखान्यातून मार्नीसाठी अर्ज घेऊन आली, चादरींच्या कामाचा. टेबलावर ठेवला, माझ्यासमोर, मुद्दाम.

आणि रविवारी, आम्ही जेवत असताना, फोन. हॉलिस! आता बोलायला परवानगी होती त्यांना. शेलीनं फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. बाई म्हणाल्या, "जागा आहे. पूर्ण चार वर्षं. मार्नी येणार का?"

शेली रडायलाच लागली. मार्नी "हो, हो, हो" करत उभी राहिली. आणि मी... माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, म्हणजे चौदा नंबर तुम्हाला ऐकू आला तर!"

"अहो, नंबर कशाला लागतो? मार्चपासून बघतेय तिला. पाठमोरी असली तरी ओळखते. मी तर दुसऱ्या बाजूनं बघायला उठले होते."

"मग पुस्तिकेत काय शोधत होता?"

"पुढचा सामना कुठल्या मैदानावर आहे ते. तुमचा खोकला बरा आहे ना?"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"पण एक गोष्ट मला काही केल्या कळत नव्हती," बाई म्हणाल्या. "पोरगी घरच्यांच्या दडपणाखाली टिकते का? बऱ्याच जणी नाही टिकत, आईनं हाक मारली की नेम चुकतो. आणि तुम्ही उठलात! सगळा हॉल वळला तुमच्याकडे. मॅडीपासून रेफरीपर्यंत सगळे. मार्नीनं मान वळवली नाही. पुढचा चेंडू तिनंच पकडला. त्याच क्षणी ठरवलं मी."

आता सांगा. अकरा वर्षं त्या गॅरेजपुढे गुडघे झिजवले मी. जागा कशी धरायची ते शिकवलं, पास कसा द्यायचा ते शिकवलं. आणि पोरीची निवड झाली कशावर? तर आजोबाकडे दुर्लक्ष करता येतं, यावर! अहो, ते तर आमच्या घरात कुत्र्यालासुद्धा येतं.