मंगळवारची सही

(सकाळचे साडेअकरा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक लिफ्ट-मेकॅनिक आणि त्याची बायको. मध्ये म्युच्युअल फंडाच्या ऑफिसातून आलेलं, सगळं विकल्याचं पत्र.)

तो : ती माझी सही नाही. कुणीतरी गिरवलीय.

ती : मी आत्ता तिथूनच येतेय. त्यांनी मूळ फॉर्म काढून दाखवला. सही तुमचीच आहे.

तो : म्हणजे एकोणीस वर्षं महिन्याच्या महिन्याला भरलेलं मी एका फटक्यात विकून टाकलं? तेही आत्ता, बाजार दोन महिने घसरत असताना? पडत्या बाजारात घाबरून विकायचं नसतं, हे मी अख्ख्या वर्कशॉपला सांगत फिरतो.

ती : फिरता ना. म्हणून मलाही आधी चोरीच वाटली. तडक त्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, मी पोलिसांत जाते.

तो : मग?

ती : तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, काका मंगळवारी स्वतः आले होते. कामाच्या कपड्यांत. फॉर्मच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलाय, तो मी पाहिला.

तो : मंगळवारी मी कापडाच्या दुकानातली लिफ्ट दुरुस्त करत होतो. चार मजल्यांची.

ती : तुमच्या कामावरच्या जोडीदाराला फोन केला मी. जेवणाच्या सुट्टीत कुठेतरी गेलात आणि तासाभराने आलात म्हणाला. त्याला वाटलं, चष्म्याचं काम असेल.

तो : पैसे कुठायत?

ती : आपल्याच खात्यात. बँकेत जाऊन बघून आले. पडत्या भावाने विकल्यामुळे जे कमी झालं ते झालं, बाकी सगळे आहेत.

तो : मग तू एवढी पांढरीफटक का पडलीयस? आहेत ना पैसे.

ती : पैसे गेले असते तर कमी घाबरले असते.

तो : नीट सांग.

ती : निघताना त्या बाईने विचारलं, काकू, ऑपरेशन कसं झालं? मी म्हटलं, कुणाचं? तर म्हणाली, तुमचं. तुम्ही तिला सांगितलंत की बायको दवाखान्यात आहे, उद्या सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, पैसे आजच्या आज हवेत. ती तुम्हाला थांबवत होती. भाव पडलेत, थोडे दिवस जाऊ द्या, म्हणत होती. तर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला पुढे बोलवेना.

तो : तुझं ऑपरेशन तर...

ती : नऊ वर्षं झाली.

तो : तेव्हा आपण विकलं नव्हतं.

ती : मी विकू दिलं नव्हतं. ओव्हरटाइमवर भागवलंत तुम्ही.

तो : ओव्हरटाइम आठवतो. जिना चढून तुझ्या वॉर्डात यायचो, तेही आठवतं. मंगळवार नाही आठवत.

ती : आणखी काय काय आठवत नाही? आता लपवू नका.

तो : चार महिने झाले. खिशात चिठ्ठी ठेवतो. ब्रेक तपासला की खूण करायची, दार तपासलं की खूण करायची. परवा चिठ्ठीवर सगळ्या खुणा होत्या, आणि एकही गोष्ट केल्याचं मला आठवेना. परत वर चढलो. सगळं पहिल्यापासून पाहिलं.

ती : अहो, त्या लिफ्टमध्ये माणसं चढतात.

तो : म्हणूनच चढलो ना परत.

ती : आणि चिठ्ठीच घरी राहिली तर?

तो : निवृत्तीला अकरा महिने राहिलेत गं. आत्ता साहेबाला सांगितलं तर उद्यापासून घरी बसवतील. अकरा महिन्यांचा पगार जाईल, वर निवृत्तीला मिळणारी ग्रॅच्युइटी कमी होईल.

ती : जाऊ दे. आज दुपारी दोघं जाऊन साहेबांना सांगू. डॉक्टरची वेळ मी घेतलीय, उद्याची.

तो : मला विचारलंही नाहीस.

ती : नाही विचारलं. आणि हे खात्यातले पैसे सगळेच्या सगळे मुदत ठेवीत टाकते. जिथून हलणार नाहीत तिथे.

तो : सगळे नको. ऐक. तीन वर्षांचा घरखर्च ठेवीत ठेव, त्याला हात लावू नकोस. बाकीचे परत फंडात घाल, पण एकदम नाही. वर्षभर, दर महिन्याला थोडे थोडे. आपल्याला अजून वीस-पंचवीस वर्षं काढायचीत. नुसत्या ठेवीवर बसलो तर महागाई खाऊन टाकेल. आता तर औषधंही असतील. माणूस ठेवावा लागला तर तोही.

ती : इतकं नीट बोलताय. मग मंगळवार कुठे गेला?

तो : तेच तर. आतून काही कळतच नाही. आत्ता मला सगळं लख्ख दिसतंय. मंगळवारीही असंच लख्ख दिसत असणार.

ती : असं बोलू नका.

तो : बोलू दे, आज बोलता येतंय तोवर. यापुढे तुझी सही असल्याशिवाय एक पैसा निघायला नको. तसं बँकेला आणि फंडाला लिहून देऊ. कुणी फोन करून दुप्पट देतो म्हणालं आणि मी हो म्हणालो, तर तू नाही म्हणायचं. मी ओरडलो तरी.

ती : मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आजवर तुम्ही दाखवाल तिथे सही केली.

तो : शिकशील. अवघड नाही. वही आण, मी सांगतो, तू लिही. तुझ्या अक्षरात असू दे.

ती : आणली. सांगा.

तो : आधी लिही, तीन वर्षांचा खर्च ठेवीत. कशासाठी, तेही लिही. बाजार पडला तरी विकायची पाळी येऊ नये म्हणून.

ती : लिहिलं.

तो : मी पुन्हा विचारलं, पैसे का काढले म्हणून?

ती : तर पुन्हा सांगेन.

तो : चिडशील.

ती : चिडेन. पण सांगेन.