तिवडा नव्हं, वाऱ्याचा खांब

नाव माझं गयाबाई, हे आधी लिहा मास्तर, कारन सरकारच्या कागदावर अजून माझ्या मेलेल्या नवऱ्याचंच नाव चालतंय. माहेर सायखेड्याचं, गोदेच्या काठचं, आन दिलं इकडं चांदवडच्या अंगाला, माळरानावर. बापानं बाकी काय दिलं नाय, पन उपननी शिकवली. खळ्यावर धान्य उपनायचं तर वारा कळावा लागतो, आन मला तो गालाला कळतो, कानामागं कळतो, डोळं बांधून इचारा पायजे तर.

तर काय सांगू तुम्हाला, गावच्या गायरानावर इमानं उतरायला लागली. लय नाय, महिन्यातून दोन-चार, लहानी लहानी. इलायतेत म्हनं उंच खोलीत मानूस बसतो आन इमानाला उतर, थांब सांगतो, असंल बाबा, आमच्याकडं एक लाकडी खांब, त्याच्या टोकाला कापडाची लांब पिशवी, वाऱ्यानं फुगली की कळायचं वारा कुनीकडं चाललाय, मग ते बघून भुईवर पांढरं कापड अंथरायचं, उतरनाऱ्याला दिशा दावायला. इमानाला वारा तोंडावर लागतो. पाठीवर घेऊन उतरलं तर ते लवकर थांबत नाय. हे आमच्या धन्यांनी सांगितलं, ते तिथं राखनदार व्हते. ढोरं हाकायची, दगड येचायचं, रूळ फिरवायचा. ते तापानं गेले तवा तिथला मुकादम म्हनला हे बाईचं काम नाय, मी म्हनलं दोन वर्सं त्यांच्याबरुबर ढोरं कोन हाकत व्हतं, आन काठी घेऊन उभी राह्यले ती राह्यले. पोटाला दुसरं व्हतं काय माझ्या?

चूक मात्र माझ्या हातनं झाली, ती बी लिहा. दिवाळी सरली, बाजरी कापून पडली, आन दीर आला, म्हनला वहिनी, एवढी चोपलेली भुई, एक खडा नाय, असं खळं पंचक्रोशीत कुनाचं नाय, आन तिवडासुदिक आयता उभा हाय. तिवडा म्हंजे खळ्यातला खांब, त्याला बैल बांधून कनसांवरून गोल गोल फिरवत्यात. मी कुनब्याची लेक, तसली भुई रिकामी पडलेली मलाच बघवत नव्हती, म्हनलं घेऊन ये तुझं बैल. दोन दिवस मळनी चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांच्या ओढीनं खांब कलला, वरची पिशवी दोरीत गुरफटली आन सकाळच्या वाऱ्याला व्हती तशीच अडकून बसली. आमचं ध्यान सगळं बाजरीवर, वर बघतंय कोन.

दुपारी घरघर ऐकू आली. दिरानं बैल सोडून पळवले, मुकादम धावत आला, पिशवी बघितली आन पांढरं कापड अंथरून मोकळा झाला. पन दुपार कलली व्हती, आन त्या दिवसांत दुपार कलली की उगवतीचा वारा मावळतीचा व्हतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरगं बी सांगंल. माझ्या गालावर आलाच तो. म्हनलं मुकादम, कापड फिरवा, वारा उलटा झाला. तो म्हनला खांब सरकारी हाय, तुझा गाल सरकारी नाय. इमान धावत जानार त्या पल्याडच्या टोकाला ओढा, आन ओढ्याच्या काठी गावच्या बाया, पोरं, सगळी इमान बघायला उभी, माझी जाऊ लेकरू कडंवर घेऊन त्यातच. मी कापड ओढायला गेले तर हा बाबा त्यावर पाय देऊन उभा. म्हनला हात लावलास तर काम गेलं समज.

म्हनलं गेलं तर गेलं. पाटीभर भूस घेतलं, रुळावर चढले आन सुपानं उपनायला लागले. तो खालून बोंबलतोय उतर, उतर, आन मी उपनतीये, भुसाचा लोट सगळा ओढ्याकडं चाललाय, पिवळाधमक, आभाळातून आंधळ्यालाबी दिसावा असा. इमान खाली आलं, पार खाली आलं, आन एकदम वर उठलं, वळसा घालून ओढ्याकडनं आलं आन वाऱ्याला तोंड देऊन गपचीप उतरलं.

इमानातला साहेब खाली उतरायच्या आत मुकादम माझ्या कानाशी आला, म्हनला तू कापडाचं बोलू नको, मी तुझ्या बैलांचं बोलत नाय. साहेबानं इचारलं भूस कुनी उडवलं, तर हा पुढं होऊन म्हनतो, मीच सांगितलं हिला. तवा मात्र माझं टाळकं फिरलं. म्हनलं साहेब, बैल मी बांधले, खांब माझ्यापायी कलला, त्याची काय सजा असंल ती द्या, पन वारा फिरला हे या मानसाला मी सांगितलं आन तो कापडावरून हलला नाय. साहेब इमानवाला, मराठी समजनारा, त्यानं खांबाकडं बघितलं, माझ्या सुपाकडं बघितलं, म्हनला खळं बंद, बाई राहील.

खांब आमच्या दिरानंच सरळ केला, बुंध्याला दगड भरून. आता कुनाचाबी बैल तिथं आला की माझी काठी बसती, पाटलाचा असला तरी. भुसाची पाटी मात्र झोपडीत कायम भरलेली असती. आता नवा मुकादम आलाय, तोबी म्हनतोय तुझ्या जागी बाप्या मानूस आनतो. आनू द्या. वरून येनारी सगळी सुखानं उतरू द्या, माझं कुनाशी वैर नाय. त्या नव्या मानसाला मी एकच इचारीन, वारा कुठून हाय रं बाबा? आन त्यानं मान वर करून पिशवीकडं बघितलं, की म्हनंन, जा घरी.